सगळ्यांना छान वाटलेलं टर्नटेबल

प्रसन्न पिंपळापुरे मॅन्युअल वाचत नाही. घरात नवीन वस्तू आली की खोक्यातलं मॅन्युअल काढून तो एका ड्रॉवरमध्ये टाकतो, ड्रॉवर लावतो आणि मग कामाला लागतो. नागपूरला आधी पॉलिटेक्निक आणि मग इंजिनिअरिंग, अशी सहा वर्षं तारा जोडण्यात घातलेल्या माणसाने चार ओळी वाचून स्क्रू पिळायचा म्हणजे कमीपणा, असं त्याचं स्पष्ट मत आहे. विनीता, त्याची बायको, याला नागपुरी माज म्हणते. ती स्वतः पुण्याची. तिने दुसऱ्या गावाच्या माजाबद्दल बोलावं हे जरा जास्तच होतं, पण ते असो.

प्रसन्न सत्तेचाळीस वर्षांचा आहे आणि त्याची नोकरी ऐकण्याची आहे. मिशिगनमधल्या ट्रॉय गावातली त्याची कंपनी गाड्यांचे भाग बनवते. नवी गाडी बाजारात यायच्या आधी ती मुद्दाम खडबडीत केलेल्या रस्त्यावरून फिरवतात, आणि आत मागच्या सीटवर प्रसन्न डोळे मिटून बसलेला असतो. कुठे काही करकरलं, खडखडलं, तर तो हात वर करतो आणि सांगतो, "डाव्या दाराच्या आत. खालून दुसरी क्लिप." दार उघडून बघावं तर तीच क्लिप सैल निघते. कंपनीत मायक्रोफोन आहेत, कॉम्प्युटर आहेत, पण कुठला आवाज गिऱ्हाइकाच्या डोक्यात जाईल ते त्यांना कळत नाही. प्रसन्नला कळतं. ऑफिसातले लोक त्याला नावाने हाक मारतच नाहीत, 'इअर्स' म्हणतात, आणि याचा त्याला मनातून अभिमान आहे.

अशा माणसाचे कान कंपनी तपासून घेणारच. दरवर्षी मार्चमध्ये एका क्लिनिकात बंद खोलीत बसवून त्याची परीक्षा होते. जो पास होईल तोच गाडीत बसतो. जो होणार नाही त्याचं काय होतं हे प्रसन्नला आजवर विचारावं लागलं नव्हतं. पण उत्तर त्याला माहीत होतं. तो बारा वर्षं ग्रीन कार्डाच्या रांगेत उभा होता आणि अजून वर्क व्हिसावरच होता. नोकरी गेली तर दुसरी शोधायला साठ दिवस. नाही मिळाली तर घर विकायचं, सामान बांधायचं, आणि इथेच जन्मलेल्या, दहावीत शिकणाऱ्या मुलीला, रुहीला, सांगायचं की बाळा, चल, आपण तुला ठाऊक नसलेल्या घरी परत चाललोय.

त्यात घराण्याची देणगी होती. प्रसन्नच्या बाबांना पन्नाशीच्या आतच ऐकू येईनासं झालं होतं. आधी डावा कान गेला. जानेवारीत प्रसन्नला जबर सर्दी झाली आणि आठवडाभर त्याच्या डाव्या कानात बारीक शिट्टी वाजत राहिली, तेव्हा त्याच्या मनात पाल चुकचुकली. शिट्टी गेली. पाल गेली नाही.

आता त्या टर्नटेबलविषयी. ॲन आर्बरमधल्या एका निवृत्त प्रोफेसरांकडून आठ वर्षांपूर्वी त्याने ते घेतलं होतं. चांगलं, मध्यमवर्गीय यंत्र. त्यावर नागपूरहून विनीताच्या साड्यांत गुंडाळून आणलेल्या नाट्यगीतांच्या आणि शास्त्रीय गाण्याच्या तबकड्या वाजत. तसं त्यात काही वाईट नव्हतं, पण दिवसभर दुसऱ्यांच्या गाड्यांतले दोष ऐकणाऱ्या माणसाला घरातला दोष ऐकू येणारच. या हिवाळ्यात प्रसन्नचे हात शिवशिवायला लागले. आधी रबरी मॅट काढून कॉर्कची आली. मग नवा बेल्ट. मग खाली चार पाय बसवले, ज्यांच्यामुळे म्हणे जिन्यावरून कुणी धावत गेलं तरी सुईला हादरा बसत नाही. प्रत्येक सुधारणेनंतर तो जिन्याशी येऊन हाक मारायचा आणि घरातली माणसं एकेक करून बेसमेंटमध्ये जाऊन 'छान' म्हणून यायची. तिसऱ्या वेळेपर्यंत विनीताने वरूनच 'छान' म्हणायची सोय करून घेतली होती.

शेवटचा भाग सगळ्यात नाजूक होता. तबकडीवरून फिरणाऱ्या दांड्याच्या टोकाला छोटं डोकं असतं, त्यात कार्ट्रिज बसतं आणि कार्ट्रिजला सुई. प्रसन्नने नवं डोकंही मागवलं आणि नवं कार्ट्रिजही. डोक्यातून केसासारख्या चार तारा बाहेर आलेल्या होत्या, लाल, हिरवी, निळी आणि पांढरी. दोन उजव्या स्पीकरच्या, दोन डाव्या. कार्ट्रिजच्या मागच्या चार पिनांवर फक्त बारीक अक्षरं होती, डावा-उजवा आणि अधिक-उणे. कुठली तार कुठल्या पिनेला, ते डोक्याबरोबर आलेल्या कागदावर लिहिलं होतं. कागद ड्रॉवरमध्ये गेला.

तो फेब्रुवारीतला शनिवार होता आणि दुपारी पाहुणे यायचे होते. ओहायोतल्या डब्लिनहून त्याचा मित्र सुशांत आणि त्याची बायको शुभा खास गाणं ऐकायला तीन-साडेतीन तास ड्राइव्ह करून येत होते. शिवाय दोन गल्ल्या पलीकडे राहणारे मोहनकाका, जे पस्तीस वर्षांपूर्वी अमेरिकेत आले आणि ज्यांच्या शब्दाला ट्रॉयच्या मराठी माणसांत वजन आहे. प्रसन्नने विनीताचा भुवया कोरायचा चिमटा घेतला, श्वास रोखून चारही तारा पिनांत सरकवल्या, आणि चौथी तार बसली तेवढ्यात दाराची बेल वाजली.

चहा-पोहे झाले. मंडळी खाली जाऊन सोफ्यावर बसली. प्रसन्नने जुनी, त्याला श्वासाश्वासासकट पाठ असलेली तबकडी लावली, सुई टेकवली आणि मागे होऊन डोळे मिटले.

गाणं सुरू झालं. गवयाचा आवाज दोन स्पीकरच्या मधोमध येऊन बसायचा, तो कुठेच नव्हता. होता, पण खोलीभर पसरलेला, पाण्यात पीठ कालवावं तसा. तबल्याचा डग्गा गेलेला. नुसती टिचटिच उरली होती. आणि डाव्या कानात कुणी कापूस कोंबतंय असा दाब. प्रसन्नने डोळे उघडले. कुणीतरी म्हणेल, अरे, हे काय झालं?

"क्लास यार!" सुशांत म्हणाला. "काय क्लॅरिटी आहे! एकदम समोर बसून गातायत."

"किती ओपन साउंड आहे ना," शुभा म्हणाली.

मोहनकाकांनी मान डोलावत हात वर केला आणि सावकाश म्हणाले, "प्रसन्न, लेका, पहिल्यापेक्षा जमीन-अस्मानाचा फरक आहे."

प्रसन्न हसला. हसावं लागलं. त्याने दुसरी तबकडी लावली, तीही तशीच वाजली, आणि तिलाही दाद मिळाली. आता सांगा, आपल्या लोकांत कोण असं आहे, जो तीन तास गाडी चालवून येईल, पोहे खाईल, वर केशराचा शिरा खाईल आणि यजमानाला तोंडावर सांगेल की तुझं यंत्र रडतंय? असा माणूस अजून जन्माला यायचाय. पण प्रसन्नच्या हे लक्षात आलं नाही. त्याने साधा हिशेब केला. तिघांना छान ऐकू येतंय, मला एकट्याला वाईट. म्हणजे बिघाड यंत्रात नाही. बिघाड कानात.

दुसऱ्या दिवशी त्याने एक शेवटचा प्रयत्न केला. विनीता कपड्यांची बास्केट घेऊन जिन्यावरून वर चालली होती, तिला थांबवून विचारलं, "खरं सांग, नवीन साउंड कसा वाटतो?" खाली गाणं सुरू होतं. विनीता अर्धं ऐकत म्हणाली, "छान आहे की," आणि वर गेली. झालं. निकाल लागला.

त्यानंतरचे तीन आठवडे प्रसन्नने कसे काढले ते त्यालाच ठाऊक. घरात कुणी नसलं की तो डाव्या कानाशी बोटं घासून बघायचा, मग उजव्या. घड्याळ कानाला लावायचा. कधी टिकटिक सारखी यायची, कधी डावीकडे कमी वाटायची, आणि भीतीने ऐकणाऱ्याला धड ऐकू येणार तरी काय! फोनवरची गाणी तर त्याने लावलीच नाहीत. फोनमधला आवाज हा आवाजच नव्हे असं आठ वर्षं सगळ्यांना सांगितलेलं, आता त्याच्यावर विश्वास कसा ठेवायचा? कामावर गाडीत बसला की ज्या ठिकाणी तो पूर्वी लगेच हात वर करायचा, तिथे आता म्हणायचा, "वन मोअर राउंड." खडखड त्याला ऐकू येत होती, आणि जागाही बरोबर निघत होती. पण त्याला वाटायचं, जी ऐकू आली ती आली. जी ऐकू आली नाही तिचं काय?

क्लिनिकची तारीख आली तेव्हा त्याने घसा दुखतो म्हणून ती पुढे ढकलली. दुसरी आली तेव्हा दातांच्या डॉक्टरांचं निमित्त केलं. मग एचआरकडून गोड शब्दांत ईमेल आला, की सोमवारची तारीख शेवटची आहे, त्यानंतर त्याला गाडीत बसता येणार नाही. प्रसन्नने ईमेल तीनदा वाचला. मॅन्युअल न वाचणारा माणूस ईमेल तीनदा वाचतो म्हणजे पाचावर धारण बसलेली असते.

घरी तो काही बोलला नाही. बेसमेंटमध्ये जाणंही त्याने सोडलं. "एवढं सगळं बसवलंस आणि आता ऐकत का नाहीस?" असं विनीताने दोनदा विचारलं. "ऑफिसमध्ये बिझी आहे यार," तो म्हणाला. तिने त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि पोळ्या करायला वळली.

सोमवारच्या आदल्या दिवशी, रविवारी सकाळी, रुही मैत्रिणीबरोबर जाऊन ॲन आर्बरहून आणलेली एक नवीकोरी रेकॉर्ड घेऊन खाली गेली. तिच्या वयाच्या पोरांना एकाएकी तबकड्यांचं वेड लागलंय, का ते कुणी विचारू नये. दोन मिनिटांत ती धपाधप जिना चढून वर आली.

"बाबा, युअर थिंग इज ब्रोकन."

प्रसन्न कॉफी गाळत होता. "म्हणजे?"

"इट साउंड्स वीअर्ड. लाइक, ती गातेय पण शी इज बिहाइंड माय हेड. अँड देअर्स नो बेस. ॲट ऑल."

प्रसन्नने गाळणी ओट्यावर ठेवली. ती नीट ठेवली गेली नाही आणि कॉफी सांडली, तिकडे त्याचं लक्षच नव्हतं. त्याने रुहीचे दोन्ही खांदे धरले. "परत सांग."

"इट साउंड्स टेरिबल," रुही घाबरून म्हणाली. "सॉरी?"

"डाव्या कानात दाब आल्यासारखं होतं का?"

"येस! लाइक इन अ प्लेन!"

मुलीने आपल्या लाडक्या यंत्राला भंगार म्हटल्यावर एवढा आनंद झालेला बाप अख्ख्या मिशिगनमध्ये दुसरा सापडणार नाही. प्रसन्नने तिच्या कपाळाची पापी घेतली आणि तो दोन-दोन पायऱ्या गाळत खाली धावला. बिघाड यंत्रात आहे! यंत्रातला बिघाड म्हणजे काय, यंत्रातला बिघाड तर तो झोपेतसुद्धा काढेल. त्याने सुई उचलली, चष्मा कपाळावर सारला, भिंग घेतलं आणि चारही तारा पाहिल्या. सगळ्या घट्ट बसलेल्या. मग आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी वाचायला म्हणून त्याने तो ड्रॉवर उघडला आणि कागद बाहेर काढला.

लाल, उजवा अधिक. हिरवी, उजवा उणे. बरोबर. पांढरी, डावा अधिक. निळी, डावा उणे. प्रसन्नने तारांकडे पाहिलं. त्याने नेमकं उलटं केलं होतं.

आणि का केलं तेही त्याला तिथेच कळलं. नागपूरच्या पॉलिटेक्निकमध्ये सरांनी घोकून घेतलं होतं, लाल, पिवळी, निळी, या तीन तारांत करंट. निळी दिसली की हात मागे. ते डोक्यात इतकं पक्कं बसलेलं की निळी म्हणजे अधिक, यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच. आणि ट्रॉयला आल्यावर हेच बेसमेंट स्वतः बांधून काढताना तो शिकला होता, की अमेरिकेत भिंतीतली पांढरी तार न्यूट्रल. म्हणजे पांढरी ती उणे. अर्धी अक्कल नागपूरची, अर्धी ट्रॉयची. दोन्ही आपापल्या जागी बरोबर, एकत्र आल्या आणि डावा स्पीकर उजव्याच्या उलट ढकलायला लागला. एक पडदा पुढे यायचा तेव्हा दुसरा मागे जायचा, आणि मधल्या मध्ये गवई आणि डग्गा दोघेही एकमेकांना खोडून नाहीसे व्हायचे.

चिमट्याने दोन तारांची अदलाबदल करायला त्याला अर्धं मिनिट पुरलं असतं. प्रत्येक तारेला कागद पुन्हा वाचला म्हणून पाच मिनिटं लागली. त्याने आपली जुनी तबकडी लावली. गवई आला आणि समोर, बरोबर मधोमध, येऊन बसला. डग्गा घुमला. प्रसन्नचा जीव भांड्यात पडला आणि तो तिथेच जमिनीवर फतकल मारून बसला.

"मम्मा!" रुही जिन्यावरून ओरडली. "बाबा इज क्रायिंग!"

विनीता पिठाच्या हातांनी धावत खाली आली. मग प्रसन्नने सगळं सांगितलं. सर्दी, बाबांचा कान, पुढे ढकललेल्या तारखा, एचआरचा ईमेल, साठ दिवस.

"तू छान म्हणालीस ना," तो म्हणाला. "मला वाटलं, झालं आपलं."

"मी कपडे घेऊन चालले होते, प्रसन्न. तू काय विचारलंस तेसुद्धा मला आठवत नाही." तिने पिठाचे हात झटकले. "उद्या मी येते तुझ्याबरोबर."

सुशांतला फोन लावल्याशिवाय प्रसन्नला राहवलं नाही. त्याने तारांचा घोळ सांगितला. मग सुशांत म्हणाला, "अरे, मला तेव्हाच फनी वाटलं होतं यार. शुभा तर गाडीत म्हणाली, की हे असं का वाजत होतं? पण तू एवढ्या हौसेने केलेलं, म्हटलं कशाला उगाच."

"आणि जमीन-अस्मानाचा फरक?"

"तो होताच की!" सुशांत म्हणाला. "मोहनकाकांनी चांगला का वाईट ते कुठे सांगितलं?" दोघंही पोट धरून हसले.

सोमवारी पुन्हा बर्फ पडत होतं. विनीता गाडीत थांबली आणि प्रसन्न आत गेला. यंत्राचा बिघाड सापडला म्हणून कान चांगले असं थोडंच असतं? बंद खोलीत बसल्यावर ही शंका पुन्हा वर आली. हेडफोन, हातात बटण. पहिला बारीक सूर आला. त्याने बटण दाबलं. दुसरा त्याहून बारीक, मुंगीच्या पावलाएवढा, डावीकडे. तोही आला. मग तो मोजायचा थांबला आणि नुसतं ऐकत राहिला. सूर येत होते आणि तो दाबत होता, आणि किती दिवसांत आपण असं न घाबरता ऐकलं नव्हतं, ते त्याला जाणवलं.

तपासणाऱ्या बाईंनी कागद त्याच्यापुढे सरकवला. सगळं नॉर्मल. वयाच्या मानाने उत्तम. डावा कान उजव्यापेक्षा किंचित चांगलाच आहे, त्या म्हणाल्या, आणि हा माणूस एवढा का हसतोय ते त्यांना कळलं नाही.

पार्किंगमध्ये येऊन त्याने दार उघडलं आणि कागद विनीताच्या हातात दिला. विनीताने तो वरपासून खालपर्यंत वाचला. मग तिने स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि ती रडायला लागली, हुंदके देऊन. प्रसन्न गडबडला. "अगं, चांगलं आहे ते. नॉर्मल आहे."

"कळतंय मला." तिने नाक पुसलं. "तुला माहितीय, हे तीन आठवडे मला काय वाटत होतं? तुझी नोकरी गेलीय. तू रोज डबा घेऊन निघतोस आणि कुठल्यातरी कॉफी शॉपमध्ये जाऊन बसतोस. जेवताना बोलत नाहीस, गाणं ऐकत नाहीस. मी दोनदा तुझ्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये येऊन तुझी गाडी आहे का बघून गेले. दुसऱ्यांदा सापडेना, तर अर्धा तास रडत शोधत होते. तू पलीकडच्या लॉटमध्ये लावली होतीस."

काचेवर बर्फ साचत होतं. तीन आठवडे आपण एकटेच घाबरलेले आहोत असं समजून प्रसन्न तिच्या शेजारी झोपत होता.

"मग मला विचारलं का नाहीस?"

विनीताने गाडी सुरू केली, मागे वळून पाहिलं आणि सावकाश बाहेर काढायला लागली.

"तू म्हणाला असतास, सगळं छान आहे."